डोंगरीचा चढ आणि तावडेकाका

रमाकांत तावडे यांना आमच्या इमारतीच्या लिफ्टपासून गेटपर्यंत जायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात मी खाली उतरून, दूध घेऊन, परत वर आलेली असे. चेष्टा म्हणून सांगत नाही. ते स्वतःच सगळ्यांना हे सांगत. पार्किन्सन्स होता त्यांना. उजवा हात थरथरायचा, पण खरा दगा दिला होता पायांनी. दाराची चौकट आली, फरशीचा रंग बदलला, समोरून कुणी आडवं गेलं, की पाय जमिनीला चिकटलेच. कमरेवरचा माणूस पुढे निघालेला आणि कमरेखालचा तिथंच. कुणी दंडाला धरून ओढायला गेलं तर म्हणत, "ओढू नका. खालच्या मंडळींशी बोलणी चालू आहेत."

बोलणी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गोरेगावच्या एका कारखान्यात ते मशीनवर होते आणि त्याहून जास्त युनियनमध्ये. पुढे लालबागची खोली सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये आले, तेव्हा अंगातला कामगार पुढारी त्यांनी सामानाबरोबर आणला. पाण्याचा टँकर उशिरा आला, पार्किंगच्या रेषा वाकड्या मारल्या, गणपतीच्या मांडवात शिरा कमी पडला, सगळ्याला त्यांचं एकच वाक्य: "माझी हरकत नोंदवून घ्या." कोण नोंदवणार, कुठं नोंदवणार, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. हरकत घेतली गेली पाहिजे.

मी त्यांची शेजारीण. दाराला दार. त्यांची बायको मंगलकाकू आणि ते, दोघंच. मुलगा नीलेश पुण्याला. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करते, आणि लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घेतली तशी मीही एक सायकल घेतली होती. ती बाल्कनीत होती आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत.

एका सकाळी बेल वाजली. दारात तावडेकाका.

"सुजाता, तुझ्या सायकलवर टॉवेल वाळतायत."

"हो काका, काढते. काकूंना दिसायला वाईट दिसतं का?"

"टॉवेल राहू दे. सायकल काढ. मला सोबत पाहिजे."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. हा माणूस माझ्या उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर असा अडकून उभा होता आणि सायकलवर सोबत मागत होता.

झालं होतं असं, की व्यायामाच्या केंद्रात त्यांना जागेवरच्या सायकलवर बसवलं होतं. आणि जे पाय चार फरश्या ओलांडताना अडत, ते पेडलवर सरळ, न चुकता फिरायला लागले. तिथल्या मुलीनं सांगितलं, काका, काही जणांचं असं होतं, चालणं अडतं पण सायकल अडत नाही. तावडेकाकांनी विचारलं, "ही जागेवर फिरते. जाणारी मिळेल का?" ती हसली. ते हसले नाहीत. तिथून रिक्षा करून सरळ केबिन रोडला गेले आणि एका दुकानातून खाली वाकवलेल्या दांड्याची सायकल घेऊन आले.

दुकानदार म्हणाला होता, "अंकल, ये लेडीज है."

"तो क्या हुआ? मेरे को चलाने का है, शादी नहीं बनाने का."

त्या दिवशी कंपाउंडमध्ये वॉचमननं सायकल धरली. काकांनी पाय आत घातला, सीटवर टेकले. मी मागून हलकंसं ढकललं. आणि मग जे झालं ते पाहायला तळमजल्यावरच्या बायका हातातली कामं टाकून खिडकीत आल्या. पाठ ताठ झाली. हँडल घट्ट धरलेला हात थरथरायचा थांबला. चेहरा, जो कायम कुणीतरी इस्त्री केल्यासारखा कोरा असायचा, त्यावर हळूहळू माणूस दिसायला लागला. त्यांनी इमारतीला एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी.

"काका, पुरे आता!"

"मलाही तेच वाटतंय," ते समोरून जाताना ओरडले, "पण थांबवायची कशी?"

हीच सगळी गोम होती. ब्रेक लागत होता. पण ब्रेक लागल्यावर पाय खाली टेकवावा लागतो, आणि टेकवायचं म्हटलं की तो पाय पुन्हा तावडेकाकांचा नेहमीचा पाय व्हायचा. शेवटी मी आणि वॉचमननं दोन्ही बाजूंनी धावत जाऊन त्यांना पकडलं. धापा टाकत होतो आम्ही. ते म्हणाले, "वेंगुर्ल्याला जायचं. समुद्राच्या कडेकडेनं. पाऊस लागायच्या आत."

"वेंगुर्ल्यालाच का, काका?"

"कारण विचारायला मी रजा मागतोय का?"

कारण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. वेंगुर्ल्यात त्यांचं कुणी नव्हतं. गाव त्यांचं राजापूरकडचं.

सोसायटीची सभा लगेच पुढच्या रविवारी झाली. विषय होता जिन्याखाली सायकल ठेवण्याचा, पण खरा विषय सगळ्यांना माहीत होता. सेक्रेटरी शाहभाई, माणूस वाईट नाही, पण धसका घेतलेला. ते म्हणाले, "तावडेजी, आप बुजुर्ग हो. कल कंपाउंड में गिर गए तो जिम्मेदारी किसकी? सोसायटी की ना? कमिटी का कहना है, साइकिल नहीं."

तावडेकाका उत्तर द्यायला उठले. उठायला त्यांना इतका वेळ लागला की दोघंतिघं मदतीला सरसावले. त्यांनी डाव्या हातानं सगळ्यांना लांब ठेवलं. पूर्ण उभं राहिल्याशिवाय एक शब्द बोलले नाहीत. 

"शाहभाई, परवा मैं बाथरूम में गिरा. वो जिम्मेदारी किसकी? पिछले महीने लिफ्ट के सामने गिरा. तब मीटिंग नहीं बुलाया आपने. मैं घर में पडून पडून मर गया तो कमिटी को चलेगा. रस्ते पे जिंदा दिखा तो प्रॉब्लेम है?" मग मराठीत वळले. "माझी हरकत नोंदवून घ्या. सायकल जिन्याखाली राहील. हलवायची असेल तर आधी मला हलवा. आणि मला हलवणं सोपं नाही, हे माझ्या पायांना विचारा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. शाहभाईंनी पुढचा विषय घेतला. सायकल जिन्याखाली राहिली.

मंगलकाकू मात्र सभेला आल्या नव्हत्या. त्या या विषयावर बोलतच नव्हत्या. सकाळी आम्ही निघालो की दार लावून घेत, तेही आवाज न करता.

फाल्गुनातल्या त्या सकाळी मला अजून आठवतात. उजाडता उजाडता निघायचं, रेल्वेखालच्या रस्त्यानं भाईंदर पश्चिमेला जायचं, मग मुर्धा, राई, मोर्वा. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि त्यांत ताज्या मिठाचे ढीग. काका पुढे, मी मागे. त्यांना सुरू करून द्यायचं आणि थांबवायचं एवढंच माझं काम. मधल्या वेळात त्यांना माझी गरज नसे. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर ते घंटी वाजवत, पण थांबत नसत. लोकांना वाटे, तावडे हल्ली फार गर्वात आहेत.

उत्तनच्या आधी डोंगरीचा चढ लागतो. सायकलवाल्यांच्या मानानं काही मोठा नाही. पण तावडेकाका तिथं पहिल्याच दिवशी अर्ध्यावर पडले. वेग कमी होत गेला, चाक डुगडुगलं आणि ते सायकलसकट आडवे. मी पोचेपर्यंत ते उठायची धडपड करत होते. हात टेकायचे, गुडघा सरकायचा, पुन्हा बसायचे. डोक्यावर टोपली घेतलेल्या दोन बायका थांबल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "सकालीच पिऊन आयलाय ह्यो."

काकांनी खालूनच वर पाहिलं. "बाई, प्यालो असतो तर सरळ चाललो असतो!"

मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. रस्त्याच्या कडेला माशांचे रिकामे खोके भरलेला एक छोटा टेम्पो थांबला होता. त्यातून उतरलेला, गळ्यात क्रूस, पिकलेल्या केसांचा, दणकट माणूस पुढे आला आणि त्यानं काकांना एका झटक्यात उभं केलं. हा बस्त्याव. पूर्वी बोटीवर जायचा, आता उत्तनची मासळी भाईंदरला पोचवायचा. त्यानं विचारलं, काय झालंय. काकांनी सांगितलं. कुठं चाललात. तेही सांगितलं. बस्त्यावनं वेंगुर्ल्याचं नाव ऐकून भुवया वर केल्या नाहीत. त्यानं फक्त चढाकडे पाहिलं.

"भाऊ, यो चढ न्हाय जमला तर पुढं काय करशाल? पुढं तर घाट हाय."

"म्हणून तर रोज येणार."

"मग मी बी येतो. चालवायचा तुमी. थांबवायला मी हाय."

दुसऱ्या दिवसापासून तो चढाच्या पायथ्याशी टेम्पो लावून आमची वाट पाहायला लागला. काका चढायला लागले की हा मागून धावायचा, सीटच्या मागे हात धरून, पण न टेकवता. पडायला लागले की झेलायचा. अर्ध्यावर, अर्ध्याच्या थोडं वर, वळणाच्या खाली. रोज नवीन जागी हार. एका रविवारी रंगीबेरंगी कपड्यांतली, भारी सायकलींवरची मुलं आम्हाला ओलांडून गेली. त्यातला एक जाता जाता प्रेमानंच म्हणाला, "अंकल, उतरून चाला ना. चढावर आम्हीपण चालतो. इगो नका करू."

काका तेव्हा नुकतेच बस्त्यावच्या हातात पडले होते. त्यांनी त्या मुलाला हाक मारून थांबवलं.

"बाळा, तू उतरून चालतोस, कारण तुला उतरून चालता येतं. मला ती सोय नाही. मी चढलो तर सायकलवर चढणार, नाहीतर इथंच बसणार. मग इगो केलेला परवडला की नाही?"

 नंतर दोनतीन रविवार तो मुलगा आपली मंडळी सोडून आमच्या मागेमागे चढत होता, हे मी पाहिलं.

बातमी पसरली तसे लोक यायला लागले. एक होऊ घातलेले नगरसेवक फलक छापून देतो म्हणाले. आजाराविषयी जनजागृती, काकांचा फोटो, वर स्वतःचा. टी-शर्ट, झेंडा दाखवणं, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मला काय करणार? प्रेरणास्थान?"

"अगदी बरोबर, काका!"

"नको. मी कुणाला प्रेरणा द्यायला जात नाही. मी वेंगुर्ल्याला जातोय. माझा आजार तुमच्या फोटोखाली राहायला तयार नाही, मी काय करू?"

चैत्र लागला. पाडव्यानंतरच्या एका सकाळी हवा अजून थंड होती. काकांनी गोळी वेळेवर घेतली होती आणि अंग मोकळं होतं. चढाला लागल्यापासूनच मला वाटलं, आज काहीतरी वेगळं आहे. ते बोलत नव्हते. एरवी चढावर ते चढाला शिव्या देत. अर्धा झाला. वळण आलं, गेलं. मागे धावणारा बस्त्याव धापा टाकत माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाला, बघ. शेवटच्या तुकड्यात सायकल जवळजवळ उभीच राहिली, एवढी हळू. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि मग ते वर होते.

वर होते, आणि त्यांना थांबवायला तिथं कुणी नव्हतं. बस्त्याव खाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. मी अजून चढत होते. काका पलीकडच्या उतारावर दिसेनासे झाले.

आम्ही टेम्पोत बसून त्यांच्या मागे सुटलो. ते उत्तनच्या किनाऱ्याजवळ सापडले, जिथं बांबूंवर बोंबील वाळत घालतात तिथं. थांबायचा उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता. वेग कमी करत, जागा बघून, जाळ्यांच्या ढिगात सायकल घातली होती. हनुवटी फुटली होती, मनगट सुजायला लागलं होतं, शर्टाला मासळीचा वास. आजूबाजूला कोळणी जमलेल्या. आणि जाळ्यांत उताणे पडून तावडेकाका हसत होते. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"चढलो की नाही? बस्त्याव, चढलो की नाही?"

"चढलाव भाऊ," बस्त्याव म्हणाला. तो रडत होता की घाम पुसत होता, मला कळलं नाही.

हनुवटीला टाके पडले. मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत होतं. पण त्याच संध्याकाळी नीलेश पुण्याहून आला. चांगला मुलगा, बापाच्या काळजीनं हैराण झालेला. तो भांडला नाही. त्यानं सायकलचं पुढचं चाक काढलं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि म्हणाला, "बाबा, हे पुण्याला नेतोय. तुम्हाला राग यायचा तेवढा येऊ दे."

दुसऱ्या सकाळी काकांनी उपोषण पुकारलं. दिवाणखान्यात खुर्चीवर बसून, हनुवटीला पट्टी, एक हात गळ्यात. गोळ्या मात्र वेळेवर पाण्याबरोबर घेत होते. मी विचारलं तर म्हणाले, "गोळ्या अत्यावश्यक सेवा आहेत. त्या बंदमध्ये येत नाहीत." मंगलकाकूंनी सकाळचे पोहे समोर ठेवले आणि तसेच उचलले. दुपारचं ताट ठेवलं आणि उचललं. मी ऑफिसमधून आले तेव्हा त्यांच्या घराचं दार उघडं होतं. काकूंनी मला हाक मारून आत बसवलं. कदाचित त्यांना साक्षीदार हवा होता.

"आता मी बोलते," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही पडता. पण पडल्याचा आवाज मला येतो. आतल्या खोलीत असले तरी येतो, झोपेत येतो, तुम्ही पडलेला नसताना येतो. आमटी ढवळताना हात थांबतो माझा. आणि गेला महिनाभर तुम्ही बाहेर गेलात की दार लावून मी आवाजाची वाट बघत बसते. याची हरकत कुठं नोंदवायची, तेवढं सांगा."

 काकांचा कोरा चेहरा तसाच होता, आजारानं केलेला. पण डोळ्यांतलं पाणी आजार अडवू शकला नाही.

ते म्हणाले, "मंगल, इथं बसलो तरी पडणारच आहे. पुढच्या वर्षी जास्त पडेन. त्याच्या पुढच्या वर्षी पडायलाही उठता येणार नाही. आत्ता जाता येतंय."

काकू उठून आत गेल्या. वाटलं, संपलं. पण त्या गरम केलेलं जेवणाचं ताट घेऊनच बाहेर आल्या.

"मी पण येणार. त्या बस्त्यावच्या टेम्पोत, तुमच्या मागे. मला आवाज ऐकायचा नाही, मला डोळ्यांनी बघायचंय. मी थांबा म्हटलं की थांबायचं. गोळीची वेळ झाली की थांबायचं. आणि हायवेवर सायकल नाही, बोटीनं रेवसला उतरल्यावरच बसायचं. मान्य असेल तर जेवा."

"मान्य."

"हरकत?"

"नाही."

काकूंनी फोन लावला. "नीलेश, ते चाक कुणाबरोबर तरी पाठवून दे. हो, मीच सांगतेय."

नंतर काका मला म्हणाले, "एवढी वर्षं वाटाघाटी केल्या, पण इतकी तयारीची मॅनेजमेंट समोर कधी बसली नव्हती."

वैशाखात ते निघाले. मी रेवदंड्यापर्यंत त्यांच्याबरोबर सायकल चालवली. पुढं रजा नव्हती. बाकीचं फोनवर कळत गेलं, बहुतेक बस्त्यावकडून. पहाटे चालवायचं, ऊन चढलं की कुणाच्या तरी ओटीवर पडून राहायचं, उतरत्या उन्हात पुन्हा. खाड्या बोटीनं ओलांडायच्या. वेळ लागला तरी फिकीर नाही, असं काका म्हणत. दाभोळच्या खाडीपलीकडे गुहागरच्या वाटेवर एका चढावर ते पडले आणि टेम्पोत बसायला तयार होईनात. टेम्पो वर जाऊन थांबलेला, उन्हं वाढत चाललेली. शेवटी मंगलकाकूच उतरून खाली चालत आल्या. त्यांनी बस्त्यावच्या मदतीनं काकांना सीटवर बसवलं, पदर खोचला आणि मागून ढकलत धावल्या. "काय धावली ओ वयनी," बस्त्याव मला फोनवर सांगत होता, "मी मागं ऱ्हायलो."

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून काकांचा फोन आला.

"पोचलो."

"काका! आता?"

"आता काय, इथून पुढंपण रस्ता दिसतोय."

पुढं गेले नाहीत, परतले. त्यांनी भाकीत केलं होतं तसंच झालं. पुढच्या वर्षी तोल गेला, मग एकट्यानं सायकल चालवणं बंद झालं. त्याच्या पुढच्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त होऊन ते गेले. मी तेव्हा बदलीवर नागपूरला होते. फोन मंगलकाकूंचा आला. त्यांनी न रडता, नीट सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "घर फार शांत आहे गं."

काकांना मी शेवटचं पाहिलं ते बदलीवर जाण्याच्या थोडं आधी. उत्तनला एका सहकारी मैत्रिणीच्या घरी लग्न होतं, रिक्षानं निघाले होते. मुर्ध्याला गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा जागची हलत नव्हती. इतक्यात डाव्या बाजूनं, गटाराच्या कडेच्या अरुंद पट्ट्यातून, एक विचित्र लांबलचक सायकल पुढं आली. दोन सीटांची, दोन सायकली कापून जोडलेली, वेल्डिंगचे डाग रंगाखालून दिसत होते. पुढं बस्त्याव. मागं तावडेकाका, कमरेला पट्टा बांधून सीटला जखडलेले, पाठ वाकलेली, पण पाय फिरत होते.

"अरे, त्या टँकरच्या पुढून काढ! जागा आहे!" ते ओरडत होते. आवाज आता बारीक झाला होता, पण गर्दीत ऐकू येत होता.

"भाऊ, न्हाय जागा!"

"आहे म्हणतो ना!"

माझा रिक्षावाला आरशात बघून हसला. "बुड्ढा पीछे बैठ के भी गाड़ी चला रहा है."

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक ऐकून ते वळले असते, तोल गेला असता. टँकरच्या पुढं खरंच जागा होती. बस्त्यावनं हँडल वळवलं, दोघं त्या फटीतून सुटले आणि मिठागरांच्या मोकळ्या रस्त्याला लागले. मागची सगळी वाहनं, माझी रिक्षा धरून, तिथंच उभी होती.